बोडीपासून प्रवाळभित्तीपर्यंत : पाण्यातल्या छोट्या कॅमेऱ्याचा तेरा महिन्यांचा अनुभव

गोंदिया जिल्ह्यातल्या, धानाच्या बांध्यांनी वेढलेल्या एका गावात मी राहतो. इथून कुठलाही समुद्र गाठायचा म्हणजे किमान एक रात्र गाडीत काढावी लागते. विज्ञान शिक्षक म्हणून निवृत्त झाल्यावर प्रवाळभित्तीवरचे मासे स्वतःच्या डोळ्यांनी पाहावेत आणि त्यांची छायाचित्रे काढावीत, ही अनेक वर्षांची इच्छा पूर्ण करायचे ठरवले आणि जुलै 2024 मध्ये पाण्यात चालणारा एक छोटा कॅमेरा घेतला. तो 15 मीटर खोलीपर्यंत वेगळ्या जलरोधक खोक्याशिवाय चालतो, 12 मेगापिक्सेलचा आहे, त्याला चारपट झूम आहे आणि भिंगापासून अवघ्या एक सेंटिमीटरवरची वस्तूही तो स्पष्ट टिपतो. कंपनीचे नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण या वर्गातल्या कॅमेऱ्यांचे गुणदोष बरेचसे सारखे आहेत आणि पुढे जी तक्रार मांडली आहे ती एकाच नावावर चिकटवणे मला योग्य वाटत नाही.

माझे मत आधीच सांगतो. दूरचे मोठे दृश्य टिपायचे असेल तर या कॅमेऱ्याने समाधान होणार नाही, पण हातभर अंतरावरचे जीवन पाहायचे असेल तर या किमतीत यापेक्षा उपयोगी साधन मला दिसलेले नाही. मात्र तो हातात घेऊन थेट समुद्रावर जाणाऱ्याचे पैसे आणि प्रवास दोन्ही वाया जाण्याची शक्यता मोठी आहे. माझी पहिली समुद्रसफर काही अंशी तशीच वाया गेली, आणि दुसरी फळाला आली ती गावातल्या बोडीमुळे, म्हणजे छोट्या तळ्यामुळे, आणि विहिरीमुळे.

पावसाळ्यात बोडीचे पाणी चहासारखे गढूळ असते, त्यामुळे पहिले तीन महिने कॅमेऱ्याने केवळ तपकिरी चौकोन दाखवले. दिवाळीनंतर गाळ खाली बसला, पाणी निवळले, तेव्हा खरी ओळख सुरू झाली. आमच्याकडचे एक वयस्क ढीवर (मासेमार) काका पहाटे डोंगा, म्हणजे लहान होडी, घेऊन जाळे काढायला जातात. कमरेएवढ्या पाण्यात उभा राहून मी लहान माशांच्या मागे कॅमेरा फिरवत होतो आणि प्रत्येक छायाचित्रात शेपटीखेरीज काही येत नव्हते. काकांनी दोन-तीन दिवस ते पाहिले आणि म्हणाले, "गुरुजी, मासोरी आवाजाले नाही भेत, सावलीले भेते. सूर्याकडं तोंड करून उभे राहा न्‌ हालू नका." त्यांच्या सांगण्याप्रमाणे उभा राहिलो, सावली पाठीमागे पडली, आणि दहा मिनिटांत मासे माझ्या बोटांपाशी आले. माशाच्या दोन्ही कुशींवर पार्श्वरेषा असते आणि पाण्याची बारीकशी हालचालही तिला कळते, हे मी तीस वर्षे फळ्यावर शिकवले होते. पाठलाग केल्याने मासा का पळतो याचा अर्थ मात्र त्या दिवशी पाण्यात उभे राहून उमगला. ढवळलेले पाणी आपल्या आधी त्याच्यापर्यंत पोहोचते.

विहिरीत उतरून दुसरी गोष्ट शिकलो, ती अंतराची. पाण्यातली वस्तू जितकी असते त्याच्या तीनचतुर्थांश अंतरावर दिसते आणि सुमारे एकतृतीयांशाने मोठी वाटते, कारण पाण्याचा अपवर्तनांक 1.33 आहे. त्यामुळे आपण पुरेसे जवळ आलो आहोत असा भ्रम होतो आणि छायाचित्रात मासा एका कोपऱ्यात ठिपक्यासारखा उमटतो. विहिरीच्या पायरीवर एक पांढरी फरशी ठेवून, तिच्यावर लाल, पिवळे आणि निळे बटण चिकटवून मी वेगवेगळ्या अंतरांवरून सराव केला. तीच फरशी पुढे पाण्याखाली व्हाइट बॅलन्स, म्हणजे पांढरा रंग पांढराच दिसावा असा रंगांचा समतोल, जुळवायलाही उपयोगी पडली. ज्यांच्या गावात स्वच्छ पाण्याची पायऱ्यांची विहीर आहे त्यांनी हा सराव जरूर करावा, फक्त सोबतीला काठावर एक जाणता माणूस उभा असावा.

आपल्या भागातल्या उन्हाचा आणि या कॅमेऱ्याचा संबंध कुठल्याही माहितीपुस्तिकेत स्पष्टपणे लिहिलेला मला आढळला नाही, म्हणून तो सविस्तर सांगतो. ऑक्टोबरच्या उन्हात कॅमेरा मोटारसायकलच्या डिकीत दोन तास राहिला आणि तसाच मी तो विहिरीच्या थंड पाण्यात नेला. पाच मिनिटांत भिंगाच्या आतल्या बाजूला धुके जमले आणि दिवसभर हटले नाही. आतली तापलेली हवा थंड झाली की तिच्यातली वाफ काचेवर जमते. शिवाय ती हवा आकुंचन पावून आतला दाब कमी होतो, त्यामुळे झाकणाच्या फटीतून पाणी आत खेचले जाण्याचा धोका वाढतो. तेव्हापासून कॅमेरा ओल्या पंचात गुंडाळून सावलीत नेतो, पाण्यात उतरण्यापूर्वी पंधरा मिनिटे बादलीत बुडवून ठेवतो आणि बॅटरीचे झाकण दमट हवेत कधीही उघडत नाही. ओलावा शोषणाऱ्या सिलिका जेलच्या दोन पुड्या कॅमेऱ्याच्या डब्यात कायम असतात. आमच्या विहिरीच्या पाण्यात क्षार फार, त्यामुळे वाळल्यावर काचेवर पांढरे डाग राहतात. शेवटची धुलाई मी आरओच्या पाण्याने करतो.

डिसेंबरमध्ये मालवणला गेलो. महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर अंदमानसारखी विस्तीर्ण प्रवाळभित्ती नाही, पण सिंधुदुर्ग किल्ल्याच्या परिसरातल्या खडकांवर प्रवाळाच्या वसाहती आहेत आणि 1987 मध्ये इथे 29.12 चौरस किलोमीटरचे सागरी अभयारण्य घोषित झाले. ही सफर मला दोन कारणांनी कडवट गेली. पहिले कारण असे, की नावेवरच्या लोकांनी पर्यटकांभोवती मासे गोळा व्हावेत म्हणून पाण्यात पाव कुस्करून टाकला. पिवळ्या अंगावर काळे पट्टे असलेले सार्जंट मासे झुंडीने आले, सगळ्यांना चित्रे मिळाली, पण त्या चित्रांत माशाचे स्वतःचे वागणे काहीच नव्हते. खडकावरचे शेवाळ आणि पाण्यातले सूक्ष्म जीव टिपून खाणारा मासा पावाच्या तुकड्यासाठी माणसाच्या तोंडासमोर धडपडतो, हे पाहून मला मनापासून वाईट वाटले. मी त्यांना तसे सांगितले. त्यांनी ऐकून घेतले आणि पाव टाकणे चालूच ठेवले.

दुसरे कारण कॅमेऱ्याचे. दुसऱ्या दिवशी नावेवरच, घाईत, मी बॅटरी बदलली. झाकणाच्या रबरी सीलवर वाळूचा एक कण बसला होता. तो मला दिसला नाही. पाण्यात तीन मीटरवर पडदा लुकलुकला आणि बंद झाला. वर येऊन झाकण उघडले तर बॅटरीच्या खोबणीत चार-पाच थेंब होते आणि तांब्याच्या पट्ट्यांवर हिरवट झाक चढू लागली होती. खारे पाणी विजेचे उत्तम वाहक असते, त्यामुळे बॅटरी आत असेपर्यंत गंज मिनिटामिनिटाने वाढतो. अशा वेळी कॅमेरा चालू होतो का हे पाहण्याचा मोह टाळून आधी बॅटरी काढावी, खोबणी गोड्या पाण्याने ओलसर केलेल्या कापडाने पुसावी आणि झाकण उघडे ठेवून पंख्याखाली वाळवावे. आमच्या धानपट्ट्यात प्रत्येक जण तांदळात ठेवायला सांगतो. तसे करू नये. तांदळाची भुकटी सीलच्या खाचेत बसते आणि पुढच्या वेळी तीच गळतीला कारण होते.

दुरुस्तीचा अनुभव दुःखद आहे. ज्या सेवा केंद्राकडे कॅमेरा पाठवला, त्यांनी तो वॉरंटीत बसत नाही असे कळवले, कारण पाण्याने झालेले नुकसान ग्राहकाच्या निष्काळजीपणात मोजले जाते. चूक माझी होती हे मला मान्य आहे, पण जी वस्तू पाण्यात वापरण्यासाठीच विकली जाते तिच्या खोक्यावर खोलीचा आकडा ठळक आणि सीलच्या अटी मात्र भिंग लावून वाचाव्या लागतील अशा अक्षरांत, हे मला न्याय्य वाटत नाही. दुरुस्तीला सात आठवडे लागले आणि मूळ किमतीच्या जवळपास एकचतुर्थांश खर्च आला. जिल्ह्याच्या ठिकाणी अशी सोय नसल्यामुळे प्रत्येक वेळी कुरिअरने पाठवणे आणि फोनवर विचारणा करत राहणे एवढेच आपल्या हाती उरते. खरेदी करण्यापूर्वी दुरुस्ती कुठे होते, नवे सील सुटे मिळते का आणि पाण्याच्या नुकसानीबद्दल लेखी अट काय आहे, या तीन गोष्टी विचारून घ्याव्यात.

तेव्हापासून सील तपासणे हे माझे संध्याकाळचे ठरलेले काम झाले आहे. कॅमेरा आधी झाकण बंद असतानाच गोड्या पाण्याच्या बादलीत अर्धा तास ठेवतो, म्हणजे खाचांतले मीठ विरघळते. मग तो पूर्ण वाळू देतो. पंखा बंद करतो, कारण वाऱ्याने सूत आणि धूळ उडते. खिडकीशी बसून झाकण उघडतो आणि कॅमेरा उजेडाकडे कलता धरून रबरी कडेवर नजर फिरवतो. स्वच्छ सीलवर उजेडाची एक अखंड रेघ दिसते. जिथे ती रेघ तुटते तिथे काहीतरी आहे, मग तो केस असो, मिठाचा कण असो किंवा रबराला पडलेली चीर असो. बोटाने पुसण्यापेक्षा चष्मा पुसण्याचे बारीक सुताचे कापड बरे. शेवटी झाकण बंद करून दोन्ही खटके बसल्याचा आवाज ऐकतो. या सगळ्याला दहा मिनिटे लागतात आणि दुरुस्तीनंतर आजवर एक थेंबही आत गेलेला नाही. सील मात्र वर्षाला एकदा बदलावेच.

मार्चमध्ये अंदमानला गेलो. गोंदिया-बल्लारशाह गाडीने बल्लारशाह, तिथून रेल्वेने चेन्नई, पुढे विमानाने श्री विजयपुरम, म्हणजे पूर्वीचे पोर्ट ब्लेअर, आणि तिथून बोटीने स्वराज द्वीप आणि शहीद द्वीप असा प्रवास झाला. वंडूरजवळच्या महात्मा गांधी सागरी राष्ट्रीय उद्यानातही एक दिवस काढला. हे उद्यान 1983 मध्ये स्थापन झाले. तिथल्या जॉली बॉय बेटावर वापरून फेकायचे प्लास्टिक नेऊ देत नाहीत, आणि हा नियम खरोखर पाळला जातो हे पाहून मालवणचा कडवटपणा काहीसा ओसरला.

पहिल्या दिवशीची माझी सर्व छायाचित्रे निळसर-हिरवी आली. पाणी लाल प्रकाश सर्वांत आधी शोषून घेते. पाच मीटरच्या आसपासच लाल रंग बराचसा नाहीसा होतो, आणि केशरी मासा मळकट राखाडी दिसू लागतो. पांढरी फरशी पाण्याखाली नेऊन त्याच खोलीवर व्हाइट बॅलन्स जुळवला की चित्र सुधारते, पण पाच-सहा मीटरच्या खाली तेवढे पुरत नाही, कारण जो रंग तिथे पोहोचलाच नाही तो जुळवून आणता येत नाही. तिथे फ्लॅश लागतो. कॅमेऱ्याचा अंगचा फ्लॅश भिंगाला चिकटून असल्यामुळे पाण्यात तरंगणारे कण उजळतात आणि धान उफणताना उन्हात कोंडा चमकावा तसे चित्र भरून जाते. त्यावर उपाय एकच, आपण आणि मासा यांच्यामध्ये पाणी कमीत कमी ठेवणे. तीस सेंटिमीटरच्या आत फ्लॅश सुंदर चालतो, मीटरभरावर तो बंद ठेवावा. प्रशिक्षकाबरोबर केलेल्या माझ्या पहिल्या स्कूबा बुडीत आठ मीटरवर हे प्रत्यक्ष पाहिले. फ्लॅशविना करडा दिसणारा तोच प्रवाळ जवळून फ्लॅश टाकताच कुंकवासारखा लाल उमटला.

आता या कॅमेऱ्याने मला जे दिले ते सांगतो. शहीद द्वीपावर वाळूवर पाय टेकतील एवढ्या पाण्यात एक समुद्रपुष्प, म्हणजे फुलासारखा दिसणारा समुद्री प्राणी, होते आणि त्यात विदूषक माशांची जोडी. समुद्रपुष्पाच्या शुंडकांवर, म्हणजे बोटांसारख्या लवचीक अवयवांवर, दंशपेशी असतात, पण या माशाच्या अंगावरच्या बुळबुळीत आवरणामुळे त्याला त्या डसत नाहीत. गटातला सर्वांत मोठा मासा मादी असतो, आणि ती मेली तर तिच्याखालचा नर मादी होतो. हे सर्व वाचून माहीत होते. मला जे माहीत नव्हते ते असे, की समुद्रपुष्पाच्या बुंध्याशी खडकावर बोटभर रुंदीचा एक चंदेरी पट्टा होता, ज्याला मी आधी शेवाळ समजलो. जवळचा फोकस लावून वाळूवर स्थिर उभा राहिलो आणि दोन चित्रे घेतली. पडद्यावर मोठे करून पाहिले तर तो पट्टा म्हणजे शेकडो अंडी होती आणि प्रत्येक अंड्यात दोन काळे डोळे होते. अंडी आधी केशरी असतात आणि फुटण्याची वेळ जवळ आली की चंदेरी दिसतात. नर आपल्या परांनी त्यांच्यावर पाणी वारत होता आणि मध्येच माझ्या कॅमेऱ्यावर धावून येत होता. मी मिनिटभरात मागे सरलो, कारण तो माझ्याशी झुंजत असताना अंड्यांना वारा घालायला कोणी नव्हते. त्या एका चित्रासाठी मला हा कॅमेरा पुन्हा घ्यावासा वाटेल. साध्या डोळ्यांनी, मुखवट्याच्या काचेतून, ते डोळे मला दिसले नव्हते.

काकांचा धडा स्वराज द्वीपावर पुन्हा उपयोगी पडला. प्रवाळाच्या एका उंचवट्यापाशी निळ्या अंगावर काळी पट्टी असलेला सफाई मासा दिसला. हा मासा एका ठरावीक जागी राहतो आणि इतर मासे तिथे येऊन अंगावरचे परजीवी काढून घेतात. अशी जागा सापडली की माशांच्या मागे जाण्याचे कारणच उरत नाही. मी पृष्ठभागावर निश्चल तरंगत राहिलो. वीस मिनिटांत एक पोपटमासा, दोन फुलपाखरू मासे आणि एक मोठा ग्रूपर येऊन गेले. ग्रूपरने तोंड उघडे ठेवले होते आणि तो चिमुकला मासा त्याच्या कल्ल्यांतून आतबाहेर करत होता. पोपटमासा प्रवाळ कुरतडतो तेव्हा त्याच्या चोचीचा कटकट आवाज पाण्यात स्पष्ट ऐकू येतो. कुरतडलेला चुनखडक त्याच्या पोटातून वाळू होऊन बाहेर पडतो आणि किनाऱ्यावरच्या पांढऱ्या वाळूत तिचा मोठा वाटा असतो.

उणिवा थोडक्यात सांगतो. झूम पाण्यात जवळजवळ निरुपयोगी आहे, कारण अंतर वाढले की पाण्याचा पडदा वाढतो आणि चित्र धूसर होते. दुपारच्या उन्हात, उथळ पाण्यात, कॅमेऱ्याच्या पडद्यावरचे काही दिसत नाही. व्हिडिओ घेतल्यास बॅटरी लवकर संपते. मला एका बॅटरीवर साधारण दीडशे ते दोनशे छायाचित्रे मिळतात, आणि समुद्रात ती बदलायची नाही असे ठरवले असल्यामुळे तेवढ्यातच भागवतो. अंधुक प्रकाशात चपळ मासा हललेला येतो, त्यामुळे शटर एकशेपंचविसांश सेकंदापेक्षा संथ होऊ देऊ नये. चित्रे रॉ, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या, स्वरूपात ठेवली तर घरी आल्यावर रंग बरेच सावरता येतात.

एक गोष्ट मात्र मनाला लागून राहिली. उथळ भागात कित्येक ठिकाणी मोडलेल्या, शेवाळलेल्या प्रवाळाचा नुसता खच होता. पाणी दीर्घकाळ तापले की प्रवाळ आपल्या पेशींत राहणारी सूक्ष्म शैवाले बाहेर टाकतो आणि पांढरा पडतो. त्याचे अन्न मुख्यतः त्या शैवालांकडून येत असल्यामुळे उष्णता टिकली तर तो मरतो. अंदमानात 2010 साली असे मोठे विरंजन झाले होते, आणि एप्रिल 2024 मध्ये जगभरातले चौथे विरंजन चालू असल्याचे शास्त्रज्ञांनी जाहीर केले. अशा प्रवाळावर एक चांगले चित्र मिळावे म्हणून पाय ठेवणारी माणसे मी पाहिली. भित्ती घडवणारे प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, म्हणजे वाघाच्या बरोबरीने. ताडोबात किंवा नवेगाव-नागझिऱ्यात वाघासमोर गाडीतून खाली उतरू नये हे आपल्याकडच्या लहान मुलालाही कळते. प्रवाळावर हात टेकण्यापूर्वी हे आठवावे. उत्तम पोहता येत नसेल, पाण्यात स्थिर तरंगता येत नसेल, तर कॅमेरा किनाऱ्यावर ठेवून आधी ते शिकावे.

परतल्यावर काकांना अंड्यांचे ते चित्र दाखवले. त्यांनी बराच वेळ पाहिले आणि म्हणाले, "हे तं आपल्या मरळीवानी हाय." मरळही आपली पिले राखते. पावसाळ्यात पिलांचा तांबूस घोळका पाण्यावर येतो आणि खाली आईबाप पहारा देत असतात. अशा घोळक्यावर ते जाळे टाकत नाहीत, त्यांच्या वडिलांनीही टाकले नव्हते. या जुलैत त्यांनी मला बोडीच्या ईशान्य कोपऱ्यातली एक जागा दाखवली. पाणी गढूळ होते, तरीही सूर्याकडे तोंड करून दोन सकाळी उभा राहिलो. तिसऱ्या सकाळी घोळका कॅमेऱ्यापासून वीतभर अंतरावर आला. बावीस चित्रांपैकी एकात सहा पिले स्पष्ट आहेत आणि त्यांच्यामागे, तपकिरी पाण्यात, मोठ्या मरळीच्या डोक्याची कड दिसते.